शेपटीचा पत्ता

मी मासे सांभाळायचो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी उजनी धरणाचं नाव काढतो. दुसरा भाव विचारतो. तिसरा जरा शिकलेला असला तर म्हणतो, "काचेच्या पेटीतले व्हय? आमच्या दवाखान्यात बी हायेत की." मग मी सांगतो, तसले नव्हेत. खायचे नाहीत, शोभेचे नाहीत. बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. एका कॉलेजात वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिथं ते राहायचे, आणि त्यांची पिल्लं अंड्यात कशी घडतात ते बघायला शिकलेली माणसं डोळ्याला यंत्र लावून बसायची. एवढं सांगेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

ज्या अंकासाठी हे लिहितोय त्याच्या संपादक बाई म्हणाल्या, कामाबद्दल लिहा, नोकरी कधी लागली, कधी सुटली ते नको. बरं झालं. लागली कशी आणि सुटली कशी, दोन्हीत सांगण्यासारखं काही नाही. माझी शाळा चौथीत सुटली. माझं अक्षर बाईंनी लावून घेतलं तर त्यांचे उपकार, पण वाक्यं माझी आहेत आणि ती सरळ करायची नाहीत, असं मी आधीच बजावून ठेवलंय.

मासे हातात यायच्या आधी माझ्या हातात चादरी होत्या. आमचं गाव वळसंग, पण मी मिसरूड फुटायच्या आधीच सोलापुरात मागावर आलो. चादरीवर मोर असतो तो कुणी चितारत नाही. मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं, त्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. पत्त्याला भोकं पाडलेली. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक पत्ता, एक ओळ. पत्ता हातात घेऊन उजेडात धरला तर मोर कुठंच दिसत नाही, नुसती भोकं. पण माळ पुरी फिरली की खाली मोर उतरलेला असतो, पिसाऱ्यासकट. आणि एखाद्या पत्त्याचं भोक बुजलं की विणणारा कितीही तयार असो, प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच खोड. मी ते पत्ते बांधायचो, फाटलेला काढून नवा घालायचो. माग बंद पडले आणि ओळखीनं कॉलेजात शिपाई म्हणून लागलो, तेव्हा वाटलं, पत्ते सुटले. सुटले नव्हते.

माशांच्या खोलीच्या प्रमुख एक मॅडम होत्या. बाहेरगावच्या, कडक, पण हाताखालच्या माणसाला समजेपर्यंत सांगायची सवय असलेल्या. कॉलेजात शिपायाला सगळे मामा म्हणतात, तसं त्याही म्हणायच्या. पहिल्या दिवसांत त्या मला जनुक जनुक म्हणून काही सांगत होत्या. मी म्हटलं, "म्हणजे पत्ते." आणि मागाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "जवळपास," म्हणाल्या.

"जवळपास म्हणजे?"

"तुमच्या पत्त्याला शेजारच्या पत्त्याचं काही कळत नाही. इथं एक पत्ता दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला गप्प बसवतो. डोकं कुठं, शेपूट कुठं, पाठ कुठली, पोट कुठलं, हे त्यांचं आपापसात ठरतं. विणकर कुणी नाही."

विणकर कुणी नाही, हे मला बरेच दिवस पटलं नाही. अजून पुरतं पटलेलं नाही. पण काम केलं.

काम असं. संध्याकाळी एका छोट्या डब्यात नर आणि मादी सोडायची, मधे आरपार दिसणारी फळी. रात्रभर दोघं एकमेकांना बघतात, जवळ येता येत नाही. सकाळी दिवे लागले की फळी काढायची. उजेड पडला की त्यांची अंडी घालायची वेळ झाली. नर मागं लागतो, आणि थोड्या वेळात तळाशी राजगिऱ्याएवढी अंडी पडलेली दिसतात. तळाला जाळी ठेवावी लागते, म्हणजे अंडी खाली पडतात आणि मासे वर राहतात. नाहीतर आईबापच ती खाऊन टाकतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्या माशांचा राग आला होता. पुढं माणसं बघितली, राग गेला.

अंडं काचेसारखं, आतला सगळा कारभार उघडा. बलकाच्या डोक्यावर एक फुगवटा येतो, ती पहिली पेशी. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. चहा पिऊन यावं तर आतलं घर बदललेलं. दुपारपर्यंत पेशींची टोपी होते. मग ती टोपी खाली सरकायला लागते, थंडीत माकडटोपी ओढावी तशी, आणि संध्याकाळपर्यंत सगळा बलक झाकते. त्यातूनच एकीकडं डोकं ठरतं, दुसरीकडं शेपूट. दुसऱ्या दिवशी डोळे दिसतात, शेपटी वळवळते, आणि छातीशी एक थेंब उघडझाप करायला लागतो. ते काळीज. मी देवळात कमी जातो. मला ते बघितल्यावर जायची गरज वाटायची नाही.

मॅडमनी एक गोष्ट दाखवली ती इथं सांगून ठेवतो, कारण पुढं लागणार आहे. पहिले काही तास पिल्लाचे स्वतःचे पत्ते जवळजवळ फिरतच नाहीत. आई अंड्यात शिदोरी भरून देते, त्यावरच सगळं चालतं. ती सरत आली की पिल्लाचे पत्ते फिरायला लागतात. एक माळ आईकडून आलेली, एक बापाकडून. तिथून पुढचं त्या दोन माळांवर. आईनं काय केलं, काय नाही केलं, त्याला आता कोण विचारतंय.

सोलापुरात हे सगळं चालवायचं म्हणजे काय, ते चालवणाऱ्यालाच माहीत. नळाला पाणी रोज येत नाही आणि येतं त्यात औषध मारलेलं असतं. ते तसंच पेटीत गेलं की मासे वर तोंड करून मरतात. म्हणून टबात भरून, मुरवून, मगच द्यायचं. उन्हाळ्यात तर खोलीची भट्टी. एका वैशाखात थंड हवेचं यंत्र बंद पडलं आणि दुरुस्तीवाला येईना. मी घरातल्या होत्या तेवढ्या चादरी आणल्या, ओल्या केल्या, पेट्यांना गुंडाळल्या आणि पंखे लावले. मॅडम म्हणाल्या, "मामा, हे काय, माशांचं लग्न?" मी म्हटलं, "मोराची चादर हाय मॅडम, मान ठेवा." मासे वाचले. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही बोललो नाही. आता बोलतोय.

त्या पेट्यांत एक पेटी बिनशेपटीच्या वाणाची होती. पेटीवर तसं लिहिलेलं. पण आत बघावं तर सगळ्या माशांना शेपट्या. एकदा कसल्या तरी उद्घाटनाचे पाहुणे खोली बघायला आले. जाकीट घातलेले एक गृहस्थ पेटीपुढं थांबले.

"मॅडम, ह्यांना तर शेपट्या आहेत की."

"हे कॅरियर आहेत," मॅडम म्हणाल्या. गृहस्थांनी मान हलवली. समजलं नाही हे मला समजलं. म्हणून मी मधे बोललो, "साहेब, सायकलला मागं असतंय ना कॅरियर, तेच. समोरनं बघितलं तर नुसती सायकल. मागं काय बांधलंय ते दिसत न्हाय."

मॅडमनी मला नंतर सांगितलं, मामा, पाहुण्यांसमोर जरा कमी. पण पुढच्या पाहुण्यांना त्यांनी स्वतःच सायकलचं सांगितलं, माझं नाव न घेता.

तर ते असं. शेपूट घडवणारा पत्ता दोन्ही माळांत असतो, एक आईचा, एक बापाचा. एक फाटका असला तरी दुसऱ्यावर काम भागतं, मासा धडधाकट दिसतो. पण दोन असे धडधाकट मासे एकत्र आले, की त्यांच्या चारातल्या एका पिल्लाकडं दोन्ही फाटके येतात. त्याला शेपूट येत नाही. तो पत्ता नुसता शेपटीचाही नसतो, पाठीच्या आतला दांडाही त्याच्यावर असतो. ते पिल्लू आखूड राहतं आणि काही दिवसांत मरतं. चारात एक म्हणजे मोजून चौथं असं नव्हे. अंगठी लपवून मुठी पुढं कराव्यात तसं. दर वेळी नवा डाव.

एका सकाळी मॅडमनी मला यंत्रातून बघायला बोलावलं. शेपटीवाली पिल्लं वळवळत होती, आणि त्यांच्यामधे ती आखूड. त्यांचीही काळजं चालू होती. डोळे होते, चांगले काळेभोर. मी बराच वेळ बघत राहिलो.

"मॅडम, ह्यांचे आईबाप बहीणभाऊ ना?"

"हो, एकाच घरातले. म्हणून तर तोच फाटका पत्ता दोघांकडंही सापडतो."

मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो.

आता घरचं सांगावं लागणार. माझी बायको शेवंता माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडं ही पहिली सोयरीक, बाहेर कुठं बघायची गरजच नाही अशी. आम्हाला चार मुलं झाली. थोरली विमल, तिसरा दत्ता. दुसरा मुलगा आणि चौथी मुलगी गेली. दोघं जन्मली तेव्हा लख्ख होती, रडली, प्याली. डोळे इतके हुशार की खोलीत कोण आलं ते बघायची. पण मान धरली नाही. पाय उचलले नाहीत. अंगात कापूस भरल्यासारखं. आणि वर्ष भरायच्या आत श्वास कमी कमी होत दोघंही गेली. मुलीच्या वेळी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक लांबलचक नाव घेतलं आणि विचारलं, तुम्ही नात्यातले का? मी हो म्हटलं. ते पुढच्या खाटेकडं गेले. झालं.

घरात मात्र कारण ठरलेलं होतं. ग्रहणात शेवंतानं विळी हातात घेतली. माझी आई मरेपर्यंत हेच म्हणत होती. घराण्यात कुणाचं बारसं असलं की शेवंताला पाळण्यापासून लांब बसवायचे. ती बसायची.

त्या दिवशी मी पळत घरी आलो. मला वाटलं, मी तिच्यासाठी काहीतरी घेऊन चाललोय. ती भाकरी थापत होती.

"शेवंते, ग्रहणाचं काय नव्हतं बग. विळीचं बी नव्हतं."

"कशाचं बोलताय?"

"आपल्या लेकरांचं. तुज्याकडं एक फाटका पत्ता, माज्याकडं एक. दोन्ही त्यांच्याकडं गेले. तू काय केलं न्हाईस."

ती थापत राहिली. तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाली, "म्हंजी आत्तापतूर माजा हात वाईट हुता, आता रगात वाईट."

"माजं बी हाय की तसंच."

"तुमचं कोण धरतंय." आणि दुसरा गोळा हातावर घेत, "माज्या लेकरांस्नी त्या माशांच्या रांगेत बसवू नगा. ह्या घरात परत शेपटीचं नाव काडू नगा."

मी काढलं नाही. कितीतरी वर्षं काढलं नाही. रोज त्या पेटीला खायला घालून घरी यायचो आणि गप्प जेवायचो.

विमल कुर्डुवाडीला दिली. जावई रेल्वेच्या कारखान्यात. त्यांचा मुलगा महेश, तोही रेल्वेतच चिकटला. दत्ता आमच्याजवळ, त्याची मुलगी रेणू. एका रविवारी विमल आणि जावई पेढे घेऊन आले तेव्हाच मला कळलं. आत्यानं भाचीला मागणी घालायची, आमच्यात ह्यापेक्षा मोठी आनंदाची गोष्ट नाही. पोरांचंही एकमेकांवर मन होतं. सगळे हसत होते. मी हिशेब लावत होतो. महेश माझा नातू, रेणू माझी नात. आमच्या दोघांच्या माळा दोन्हीकडं गेलेल्या.

मी लग्न मोडा म्हणालो नाही, हे लिहून ठेवतो, कारण आता सगळे तसंच सांगतात. मी म्हणालो ते एवढंच. "सुपारी फोडायच्या आधी दोघांचं बघून घ्या. रक्तात दोष असू शकतोय."

 जावई पेढा हातात धरून राहिले.

"कसला दोष, आबा?"

"आमच्या घरातला. माज्याकडनं आलेला. आमची दोन गेली, ठाऊक हाय न्हवं तुमास्नी?"

विमल रडायला लागली. दत्ता म्हणाला, "आबा, बास करा." शेवंता उठून आत गेली, तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी रक्त तपासायचं सांगत होतो. पण माझी शाळा चौथीतली, आणि मॅडमच्या शब्दाला घरचा शब्द म्हणून मला तोच सापडला. दोष.

आठवडा गेला आणि जावयाचा फोन आला. आवाज खुशीत.

"आबा, दोषाचं झालं बगा."

मला हायसं वाटलं. "कुटं तपासलं?"

"गुरुजींकडं. पत्रिका मांडल्या. तुमी म्हणला तसाच निगाला की. पितृदोष. तुमच्याच बाजूनं आलेला. गुरुजी बी म्हणले, म्हातारा जाणता दिसतोय. परवाच्या दिवशी शांत करून घेतली. आता काय राह्यलं न्हाय."

"आवो, तो दोष न्हवं मी म्हणलो."

"मग कुटला?"

मी अर्धा तास फोनवर बोललो. बिनशेपटीचे मासे सांगितले, कॅरियर सांगितलं, सायकल सांगितली, मोर सांगितला. जावई ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "आबा, शांत झाल्यावर परत त्येचं नाव काडू नये म्हणत्यात. ऱ्हाऊ द्या आता."

माझ्या त्या एका शब्दानं लग्न अडलं नाही. उलट लवकर झालं. दोष निघाला, गेला, आता मागं कशाला राहायचं.

मी मॅडमकडं गेलो. म्हटलं, एकदा घरी चला, तुमच्या तोंडून ऐकतील. त्यांनी यंत्रावरचे डोळे काढले.

"मामा, मी डॉक्टर नाही. मासा हा मासा आहे. माणसाचं मी कसं सांगणार? असं काही असेल तर त्यासाठी दवाखाना आहे, तिथं रक्ताची तपासणी होते, समजावून सांगणारी माणसंही असतात. तिथं न्या दोघांना."

"मग पाहुण्यांना कोण सांगत होतं, हे सगळं माणसासाठीच चाललंय म्हणून?"

त्यांनी डोळे परत यंत्राला लावले. त्यांचं बरोबर होतं हे मला आज कळतं. पण बरोबर असणं आणि उपयोगी पडणं ह्या दोन गोष्टी आहेत, आणि मी त्यांच्या माशांसाठी घरच्या चादरी भिजवल्या होत्या. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो.

दवाखान्याचं दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, "लग्न ठरलेल्या पोरीला रक्त तपासायला न्हेलं तर उद्या वळसंगापतूर बातमी जातीय. कोण म्हणंल तपासणी, कोण म्हणंल आजून काय." रेणूला एकटीला गाठून विचारलं, तुला काय वाटतंय? ती म्हणाली, "आबा, मला काय वाटतंय ते इचारायला उशीर झाला की. साड्या घेऊन झाल्या." हसली आणि माझ्या हातावर हात ठेवून गेली.

लग्नात मी अक्षता टाकल्या. जावई पाहुण्यांना माझी ओळख करून देत होते. "आमचे सासरे. ह्यांनीच दोष वळखला. लई बारीक नजर."

त्याच सुमारास खोलीही संपली. मॅडमना दुसऱ्या गावी चांगली जागा मिळाली, त्या गेल्या. नंतर आलेल्या सरांचा विषय वेगळा. मासे ठेवायचे नाहीत असं ठरलं. मासे संपवायचे म्हणजे बर्फाच्या पाण्यात सोडायचे, त्यात ते लगेच जातात, तडफडत नाहीत. ते काम माझ्याकडंच आलं, कारण ते करायला दुसरं कोण होतं. पेट्या एकेक करत रिकाम्या केल्या. बिनशेपटीच्या वाणाची शेवटी ठेवली होती. उगाच. दुसऱ्या कुठल्या गावी कुणाकडं तो वाण असेल, मॅडम म्हणायच्या तसं जगात पुष्कळ ठिकाणी आहे, पण माझ्या हातातला गेला. पेटी धुवून पालथी घातली आणि मनात आलं, माशाचं किती सोपं आहे. आता त्या खोलीत मोडकी बाकडी ठेवतात.

रेणू बाळंतपणाला आमच्याकडं आली. मुलगा झाला. गोरा, गुबगुबीत, डोळे हुशार. डोळे हुशार म्हटल्यावर मला आमची दोन आठवली, ते कुणाला सांगणार? बारसं झालं. शेवंता ह्या खेपेला पाळण्याजवळ बसली, पणजी म्हणून. विळीचं आठवणारी माणसंच उरली नव्हती.

मग मी वाट बघायला लागलो. रोज सकाळी पेपर वाचायच्या निमित्तानं पोराजवळ बसायचं आणि हळूच तळव्याला बोट लावायचं. पाय आखडतो का. उचलतो का. आखडायचा. उचलायचा. मी पेपर उलटायचो. एकदा मी अंघोळीहून आलो तर शेवंता तिथं बसलेली आणि तिचं बोट पोराच्या तळव्याला. मला बघून तिनं झबलं नीट केलं. मी पेपर उघडला.  त्या घरात आम्ही दोघं एकाच गोष्टीची वाट बघत होतो आणि एकमेकांना चोरून.

विमल आणि जावई रेणूला न्यायला आले. रेणूनं चादर अंथरली आणि पोराला पालथं घातलं. माझ्याच हातच्या पत्त्यांवर विणलेली चादर, मोराची, जुनी. पोरगं जरा कुरकुरलं, नाक घासलं, आणि मान उचलून सगळ्यांकडं बघायला लागलं. चांगली घट्ट, डुगडुगत नव्हती.

जावई मोठ्यानं हसले. "आबा, बगा की. शेपूट हाय का न्हाय?"

सगळे हसले. दत्ता हसला, विमल डोळे पुसत हसली. मीही हसलो, आणि खोटं हसलो नाही. लग्न ठरल्यापासून मी बरोबर ठरावं म्हणून भांडलो असं त्यांना वाटतं. मी खरा ठरायचं म्हणजे काय व्हायला पाहिजे होतं, ते त्यांनी कधी बघितलंय? मी बघितलंय, दोनदा घरात आणि रोज खोलीत. मला खोटं पडायचं होतं. पडलो. माझं काही म्हणणं नाही.

तेवढ्यात विमल म्हणाली, "आता ह्येला भाऊ नायतर बहीण लगीच येऊ दे. एकट्याला करमत न्हाय."

शेवंता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागं गेलो. ती माठाला हात लावून उभी होती.

"विमलनं बी धरली हुती की मान," ती म्हणाली.

मी माठात तांब्या बुडवला.

"पयलीनं धरली म्हणून किती खूश हुतो आपुन. पेढे वाटलं हुतं तुमी." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जावा, रेणूला सांगा. ते दवाखान्याचं. पुढल्याच्या आधी."

"मी सांगितलं तर परत गुरुजींकडं जातील. तू सांग."

"मी काय म्हणून सांगू? दोष म्हणून?"

"दोष म्हणू नगो," मी म्हटलं. "पत्ता म्हण."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या भाकरीच्या दिवसानंतर असं सरळ पहिल्यांदा. मग दारातून हाक मारली, "रेणू, ये गं जरा आत. पोराला आबांकडं दे."

रेणूनं पोर माझ्या हातात दिलं आणि आत गेली. शेवंतानं दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं, रेणू त्यावर काय म्हणाली, मला माहीत नाही, आणि लिहीपर्यंत मला कुणी सांगितलेलं नाही. बाहेर विमल आणि जावई गाडीच्या वेळेचं बोलत होते. मी चादरीवर बसलो, मोराच्या पिसाऱ्यावर, पोराला मांडीवर घेऊन. माझा एक हात त्याच्या मानेखाली होता. मान त्यानं धरलेली होती, हाताची गरज नव्हती. तरी मी काढला नाही.